जमिनीवरच्या उड्या

मासोळी पडली ती एका वीतभर पायरीवरून. पोहण्याच्या तलावाची कचेरी आणि तलावाचा काठ यांच्यामधली ती एकुलती एक पायरी. मासोळी ती दिवसभर चढत-उतरत असे, डोळे मिटूनसुद्धा उतरली असती. पण त्या सकाळी तिच्या दोन्ही हातांत शिकाऊ मुलांच्या फोमच्या फळ्यांचा हनुवटीपर्यंत ढीग होता. पाऊल चुकलं, फळ्या चहूकडे उधळल्या आणि ती उजव्या हातावर आपटली. मुलांना आधी हसूच आलं, कारण निम्म्या फळ्या पाण्यात पडून ऐटीत तरंगत निघाल्या होत्या. मासोळीही हसत हसत उठली. मग तिचं लक्ष मनगटाकडे गेलं. ते नको त्या जागी वाकलं होतं.

ही बातमी कुणालाच खरी वाटेना. मासोळी म्हणजे तेवीस वर्षांची धडधाकट पोर. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. ती चालायला लागायच्या आधी पोहायला लागली असं तिची आत्या सांगे, आणि आत्याला तिखटमीठ लावायची सवय असली तरी यात फारसं खोटं नव्हतं. शाळेत असल्यापासून ती शर्यतींत उतरली, पदकं मिळवली, आणि शर्यती संपल्यावर त्याच तलावावर पोरांना पोहायला शिकवायला लागली. खांदे असे रुंद की दारात उभी राहिली तर मागचा माणूस दिसायचा नाही. इमारतीत कुणाच्या बरणीचं झाकण अडकलं की बरणी मासोळीकडे यायची आणि उघडूनच परत जायची. अशा मुलीचं हाड मोडलं म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पायरी मोडली असेल, नीट विचारा."

पण मोडलं होतं हाडच.

हाडांची डॉक्टर बुटकीशी, भरभर बोलणारी बाई होती. तिने एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "कुठून पडलीस? झाडावरून?"

"पायरीवरून."

"किती पायऱ्या?"

"एकच." मासोळीने डाव्या हाताची वीत करून उंची दाखवली.

डॉक्टरने एक्स-रे खाली ठेवला. मग खुर्ची ओढून समोर बसली. "व्यायाम काय करतेस?"

"पोहते."

"आणखी?"

"पोहायला शिकवते."

"ते झालं पाण्यातलं. जमिनीवर काय करतेस?"

मासोळीने प्रामाणिकपणे विचार केला. "जमिनीवर बसते."

डॉक्टरला हसू आवरेना. पण हसून झाल्यावर तिने खाण्यापिण्याचं विचारलं, पाळीचं विचारलं, घरात कुणाची हाडं ठिसूळ होती का तेही विचारलं. शर्यतींच्या दिवसांत हलकं राहावं म्हणून मासोळी अर्धपोटी उठायची, दुधाला तर शिवायचीही नाही, हे तेव्हा बाहेर आलं. प्लास्टर घातल्यावर काही दिवसांनी डॉक्टरने तिला एक तपासणी करायला लावली. एका सपाट टेबलावर निजायचं, वरून यंत्राचा दांडा हळूहळू सरकत जातो, बस. दुखत नाही, खुपत नाही. पण निकाल आला तो असा की मासोळीच्या वयाच्या मुलींची हाडं जेवढी भरीव असतात, तेवढी तिची नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बिचारी मनगट दाखवायला गेली आणि साऱ्या सापळ्याची तक्रार घेऊन बसली.

"पण माझ्या अंगात ताकद आहे," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

"आहेच. तुझे स्नायू, तुझं हृदय, तुझी फुप्फुसं, सगळं पहिल्या नंबरचं. हाडांचं गणित वेगळं आहे." डॉक्टरने खुर्ची आणखी जवळ घेतली. "हाड म्हणजे लाकडाचा वासा नव्हे, एकदा बसवला की झालं. ते जिवंत असतं. रोज थोडं झिजतं, रोज थोडं नवं भरतं. कुठे भरायचं आणि किती भरायचं, हे ठरतं त्याच्यावर भार किती पडतो त्यावरून. आता सांग, तू पाण्यात असतेस तेव्हा तुझा भार कोण उचलतं?"

"पाणी."

"मग हाडांना काम काय राहिलं? तू पाण्यात मर मर मेहनत करतेस आणि हाडं आपली सुट्टीवर."

"म्हणजे पोहणं वाईट?" मासोळीने असं विचारलं की जणू कुणी तिच्या आईबद्दल वेडंवाकडं बोललं.

"मुळीच नाही. पोहणं सोडलंस तर मी रागावेन. फक्त हाडांना अधूनमधून जमीन दाखव. पोटभर खा, दूध-अंडी-कडधान्यं खा, उन्हात जा. हात बरा झाला की जिने चढ, वजनं उचल, दोरीवरच्या उड्या मार. नुसत्या जागच्या जागी मारल्यास तरी चालेल. थोड्याच मारायच्या, पण जवळजवळ रोज, आणि मधे मधे थांबून. एकदम ढीगभर मारून उपयोग नाही, थोडे धक्के बसले की हाड पुढचं ऐकेनासं होतं. त्याला विसावा द्यायचा, मग पुन्हा." आणि तिच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टर म्हणाली, "अगं, तिशीच्या आसपासपर्यंत हाडांची भरणी चालू असते. नंतर आहे ते सांभाळायचं. तू अगदी वेळेवर पडलीस."

हे शेवटचं वाक्य आत्याला फार आवडलं. पुढे कित्येक दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची मासोळी सगळ्या गोष्टींत वेळेवर असते. पडली तीसुद्धा वेळेवर." पण जिन्यांचं ऐकल्यावर मात्र तिचं तोंड वाकडं झालं.

त्याचं कारण असं, की आत्या लिफ्ट दुरुस्त करायची. वडलांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. तरुणपणी एका लिफ्टवाल्याच्या हाताखाली लागली ती आता स्वतःच शहरभरच्या लिफ्ट सांभाळत होती. नखांत कायम ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी. कुठल्याही इमारतीत शिरली की आधी कान टवकारून लिफ्टचा आवाज ऐकायची आणि मगच माणसांशी बोलायची. मासोळीचे आईवडील दूर गावी होते. तलाव या शहरात, म्हणून मासोळी शाळेपासून आत्याकडेच वाढली.

"मी आयुष्यभर लोकांना जिन्यांतून सोडवलं," आत्या म्हणाली, "आणि माझ्याच घरातली पोर जिने चढणार? लोक काय म्हणतील? आत्याच्या लिफ्टवर भाचीचाच भरवसा नाही!"

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय गं."

"डॉक्टरांच्या दवाखान्यातली लिफ्ट बघितलीस? खडखड वाजते. तिला स्वतःलाच जिने चढायला लागत असणार, म्हणून दुसऱ्यालाही सांगते."

दुखणं येतं हत्तीच्या पायाने आणि जातं मुंगीच्या पायाने. प्लास्टरचे ते आठवडे मासोळीने काठावर शिट्टी घेऊन काढले. पाणी समोर आणि उतरायची सोय नाही, म्हणजे ताट वाढलेलं आणि हात बांधलेले. शेवटी प्लास्टर निघालं, मनगटाचे व्यायाम झाले, आणि डॉक्टरने सांगितलं, आता उड्यांना हरकत नाही.

मासोळीला वाटलं होतं, उडी म्हणजे काय मोठंसं! पण उंच फळीवरून सुरीसारखी पाण्यात शिरणारी ही मुलगी फरशीवर आली ती पोत्यासारखी. धप्प! फडताळातले पेले किणकिणले. दोरी तर पायांत अशी गुंतायची की सोडवताना जीव मेटाकुटीला यायचा. मासोळीने आधी दोरीला दोष दिला, मग छत बुटकं आहे म्हणाली, मग खोलीच अरुंद आहे म्हणाली. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." तेव्हा तिने दोरी खुंटीला टांगली आणि नुसत्याच उड्या मारायला लागली. सकाळी थोड्या, संध्याकाळी थोड्या. धप्प, श्वास, धप्प, श्वास.

तिसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली. दारात खालच्या काकू. हातात केक.

या काकू घरी केक करून विकायच्या. लग्नाचे, वाढदिवसांचे, निरोपसमारंभांचे. त्यांच्या घरातून दिवसभर भाजल्याचा गोड वास जिन्यात यायचा. मासोळीला वाटलं काकू तिच्या बऱ्या झालेल्या हाताचं कौतुक करायला आल्या. ती हसत पुढे झाली.

"हसतेस काय? बघ." काकूंनी केक तिच्या नाकासमोर धरला. मधोमध हा एवढा खड्डा.

"अगंबाई, काय झालं काकू?"

"ते मी तुला विचारायला आलेय. वर काय चाललंय? कपाटं हलवताय की हत्ती पाळलाय?"

"उड्या मारते, काकू."

"कशासाठी?"

"हाडांसाठी."

काकूंनी तिच्याकडे, मग तिच्या मागच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "कुणाच्या?"

"माझ्याच हो."

"हे बघ मुली, ओव्हनमध्ये केक फुगत असतो ना, तेव्हा तो तान्ह्या बाळासारखा असतो. जोरात दार लावलं तरी दचकतो. आणि तू त्याच्या डोक्यावर थयथयाट करतेस! कालचा बसला, मला वाटलं माझंच काही चुकलं. आजचाही बसला. पुढच्या आठवड्यात एका नवरीचा आहे, तीन थरांचा. तो बसला तर लग्नात काय दाखवू, खड्डा?"

आत्या हात पुसत बाहेर आली. भाचीवर कुणी आवाज चढवला की तिचा पारा चढायचाच. "अहो, केक बसला तर दुसरा होतो. पोरीचं हाड बसलं तर?"

"हाड बसलं नव्हतं, मोडलं होतं," मासोळी मधेच म्हणाली.

"तू गप्प बस."

"मग हाडं काय माझ्याच छतावर भरायची आहेत?" काकू कडाडल्या. "एवढं मोठं शहर पडलंय!"

"आणि केक काय आमच्याच पायाखाली फुगवायचे आहेत?"

झालं. एका बसक्या केकापायी शेजारधर्माचं हाडवैर व्हायची वेळ आली. काकूंनी केक टेबलावर आदळला आणि तरातरा निघून गेल्या. दार मिटल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग केककडे. आत्याने कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "बाई भांडखोर आहे," ती चावत चावत म्हणाली, "पण हातात चव आहे." त्यांनी तो सगळा केक संपवला, खड्ड्यासकट.

त्यानंतर काकू लिफ्टमध्ये भेटल्या की छताकडे बघत उभ्या राहायच्या. आत्या मजल्यांचे आकडे बघायची. मासोळीची मात्र फार कुचंबणा व्हायची. ती आधीच जिन्याने जायला लागली होती, आता तर पळतच जाऊ लागली.

मग एका संध्याकाळी आत्या धापा टाकत घरी आली. खांद्यावर काळ्या रबराचे जाड जाड चौकोन. लिफ्टच्या यंत्राखाली घालतात ते, यंत्राचा हादरा इमारतीला बसू नये म्हणून. तिने ते मासोळीच्या खोलीच्या कोपऱ्यात एकाला एक जुळवून मांडले, गुडघ्यावर बसून कडा ठाकठीक केल्या आणि म्हणाली, "मार उडी."

मासोळीने मारली. पेले किणकिणले नाहीत. खालून ओरडा आला नाही. आत्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "मोठमोठ्या इमारतींचे धक्के गिळतं हे रबर," ती म्हणाली. "तू तर चिमणी!"

काकूंचे केक फुगायला लागले. लग्नाचा तीन थरांचाही छान उभा राहिला म्हणे. आत्या भेटेल त्याला रबराची गोष्ट सांगू लागली.

मनगट दाखवायला मासोळी पुन्हा डॉक्टरकडे गेली तेव्हा तिने मोठ्या हौसेने ही हकिकत सांगितली. डॉक्टरने चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागली.

"अगं वेडाबाई, धक्का रबरानेच गिळला तर हाडांच्या वाट्याला काय आलं? हाडांना धक्काच तर हवाय! तू गादीवर उड्या मारतेयस."

मासोळी घरी आली ती पाय ओढत. दारातच आत्याने विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर माझ्या रबराला?"

"छान आहे म्हणाली," मासोळी चप्पल काढता काढता म्हणाली. ते चकाकते डोळे बघून दुसरं काही बोलवेचना.

आता आली का पंचाईत! रबरावर मारल्या तर हाडं उपाशी, फरशीवर मारल्या तर केक बसतो, आणि रबर उचललं तर आत्याचं मन मोडतं. मासोळीने तोड काढली. आत्यासमोर रबरावर चार उड्या मारायच्या आणि सकाळी तलावावर जायच्या आधी खाली वाहनतळात जाऊन खऱ्याखुऱ्या मारायच्या. दोन स्कूटरींच्या मधे थोडी मोकळी जागा होती. थंडीचे दिवस, तोंडातून वाफा निघताहेत, आणि ही आपली मान खाली घालून धप्प, श्वास, धप्प, श्वास.

काकू पहाटेपासून कामाला लागलेल्या असत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी वाहनतळावर उघडायची. त्यांनी एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. पुढच्या दिवशी अंगावर शाल ओढून खाली आल्या.

"काय गं, वर गालिचा घातलाय ना आत्याने? मग इथे थंडीत काय करतेस?"

मासोळीने इकडेतिकडे पाहिलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. "पण काकू, आत्याला सांगू नका. तिने एवढं लांबून उचलून आणलंय."

काकू ऐकत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "आणि फरशीवर मारत नाहीस ते माझ्या केकसाठी?"

"हो. म्हणजे, ते तान्ह्या बाळासारखे असतात ना."

"चल वर," काकू म्हणाल्या. "सर्दी होऊन आजारी पडलीस तर हाडं घेऊन काय करशील? हे बघ. माझा ओव्हन काही चोवीस तास चालू नसतो. सकाळचा पहिला घाणा बाहेर निघाला की मी झाडूच्या दांड्याने छताला ठोकेन. ठक ठक ऐकलंस की मार उड्या, हव्या तेवढ्या. संध्याकाळी तसंच."

"आणि आत्या?"

"तिचं माझ्यावर सोपव."

त्याच दिवशी संध्याकाळी काकू वर आल्या, आणि आल्या त्या अगदी मऊ होऊन. म्हणाल्या, "ताई, एक अडचण आहे. माझा मिक्सर आणि फ्रीज दोन्ही इतके थरथरतात की त्या हादऱ्यानेच अर्धे केक बिघडत असावेत. उगीच पोरीला बोल लावला. तुमच्यासारखं जाणतं माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाला विचारू? ते रबर मिळेल का?"

आत्या उठली, रबराचे चौकोन उचलले, खाली गेली आणि काकूंच्या फ्रीजखाली स्वतः बसवून आली. येताना हातात अख्खा केक.

जेवताना ती म्हणाली, "धक्के गिळणारं रबर आहे ते. माझा धंदाच तो. तू डॉक्टरकडून आलीस आणि माझ्याकडे न बघता 'छान आहे' म्हणालीस, तेव्हाच कळलं मला."

मासोळीचा घास हातातच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

यावर दोघी अशा हसल्या की खालून काकूंनी दांड्याने ठक ठक केलं. त्यांना वाटलं, वर उड्यांची वाट बघताहेत.

एरवी छतावर ठोकलं की वरचा माणूस गप्प होतो. या इमारतीत ठोकलं की धप्प धप्प सुरू व्हायचं. नवीन भाडेकरूंना ते समजावून सांगताना फार वेळ जायचा.

हळूहळू मासोळीच्या पायांना जमीन कळू लागली. गुडघे कसे मोडायचे, टाचा कशा टेकवायच्या, हे तलावावरच्या व्यायामशाळेतल्या बाईंनी शिकवलं, वजनं कशी उचलायची तेही. दोरीही एक दिवस अचानक जमली. जिने चढताना आता मांड्या भरून यायच्या नाहीत. आणि गंमत म्हणजे तिला त्या धप्पमध्ये मजा वाटायला लागली. पाण्यात ती कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. जमिनीवर उतरताना मात्र टाचेपासून कंबरेपर्यंत एक ठाम उत्तर यायचं, की इथे आहेस तू.

तलावावर सकाळच्या वर्गाआधी कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे एक कोरडं अंगण होतं. तिथे ती थोड्या उड्या मारायची. तलावाच्या मुख्य सरांची लेक तिथूनच ये-जा करायची. एकोणीस वर्षांची, पाण्यात वीज. पण सरांनी तिचे पाय असे जपलेले की स्वतः स्कूटरवरून दारापर्यंत सोडायचे. "पाय पाण्यासाठी आहेत, रस्त्यावर झिजवायला नाहीत," असं ते म्हणायचे. सर हाडाचे प्रशिक्षक. पाण्यातलं त्यांना सगळं कळायचं आणि जमीन त्यांना केवळ तलाव बांधायला लागते म्हणून ठाऊक होती.

"ताई, मी पण मारू?" लेकीने एक दिवस विचारलं. मग रोजच दोघी मारू लागल्या. लेकीला सुरुवातीला साधी उडीही धड जमेना. दोघी एकमेकींना हसत, पुन्हा मारत.

सरांनी पाहिलं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. गळ्यातली शिट्टी धरून ते दारात उभे राहिले. "मासा जमिनीवर उड्या मारायला लागला की समजावं, त्याचं काही खरं नाही," ते म्हणाले.

मासोळीने श्वास घेतला. सरांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. त्यांनीच तिला शर्यतींसाठी तयार केलं होतं. "सर, मासा पाण्यातच राहतो," ती म्हणाली. "आम्हाला घरी जावं लागतं. वाटेत पायरी लागते."

सरांनी शिट्टी वाजवून वर्ग सुरू केला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना नेहमीपेक्षा जास्त पोहायला लावलं, कुणी चुकलं तरी मासोळीवर ओरडले नाहीत, आणि लेकीला स्कूटरवर बसवताना तिच्या पायांकडे बघत राहिले. काही दिवसांनी फळ्या रचताना ते मासोळीजवळ आले. "ती तुझी डॉक्टर कशी आहे?"

"बुटकी आहे. भरभर बोलते."

"ते नाही विचारलं."

"चांगली आहे, सर. घाबरवत नाही."

सर लेकीला घेऊन गेले. परत आल्यावर लेकीनेच सगळं सांगितलं. सर दवाखान्यात शिरल्या शिरल्या म्हणाले होते, "हिलाही त्या यंत्राखाली निजवा, काय असेल ते कळू दे." डॉक्टरने लेकीला बरेच प्रश्न विचारले, पायांच्या नळ्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "हिला यंत्राखाली निजवायची गरज नाही. जमिनीवर उभी करा." बस, एवढंच. आणि घरी येताना सर अर्ध्या वाटेत स्कूटरवरून उतरले, ती ढकलत लेकीबरोबर चालत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या तरुण पोहणाऱ्यांना मागच्या कोरड्या अंगणात बोलावणं आलं. "आजपासून पाण्यात उतरायच्या आधी थोडा वेळ जमीन," सर म्हणाले. "मी नेहमीच सांगत आलोय, जमीन महत्त्वाची." कुणी हसलं नाही, पण ओठ दाबून धरताना बऱ्याच जणांचे गाल फुगले. मग सरांनी उडी कशी मारायची ते दाखवायला स्वतः मारली. ते खाली आले, शिट्टी वर गेली आणि खाडकन दातांवर बसली. "अशी नाही मारायची," ते तोंड धरून म्हणाले आणि मासोळीकडे वळले. "तू दाखव."

त्या अंगणाचं काम तेव्हापासून तिच्याकडेच आलं.

वर्षभराने मासोळी पुन्हा त्या सपाट टेबलावर निजली. या खेपेला आत्या बरोबर होती. डॉक्टरने जुने-नवे निकाल शेजारी शेजारी ठेवले. कंबरेचं आणि खुब्याचं हाड थोडं वधारलं होतं.

"थोडंच?" आत्या म्हणाली. तिला पुष्कळची अपेक्षा होती.

"आत्याबाई, हाड कधी घाईत नसतं. एका वर्षात एवढं म्हणजे मी खूश आहे. आणि हे थोडं हिच्या उतारवयात फार मोठं वाटेल." डॉक्टर मासोळीकडे वळली. "पण सोडू नकोस. तू सोडलंस की हाडही हळूहळू सोडतं."

"नाही सोडणार. आता सवय झालीय."

बाहेर पडताना आत्या दवाखान्याच्या लिफ्टपाशी थांबली, कान देऊन खडखड ऐकली आणि पिशवीतून पाना काढला. "तू हो पुढे," ती म्हणाली. "मला इथे जरा वेळ लागेल. एवढ्या चांगल्या बाईच्या दारात असला आवाज बरा नाही." लिफ्टमधली दोन माणसं गोंधळून बाहेर पडली.

मासोळी जिन्याने उतरली आणि तिथून थेट तलावावर गेली. संध्याकाळचे वर्ग संपले होते, पाणी शांत होतं, खिडक्यांतून येणारं ऊन त्याच्यावर तिरकं पडलं होतं. अशी मोकळी वेळ क्वचितच मिळायची. ती पाण्यात उतरली आणि कुणाशी शर्यत नाही, कुणाला शिकवायचं नाही, अशी मन भरेपर्यंत पोहली. पाठीवर तरंगत छताकडे बघत राहिली. कान पाण्याखाली होते, त्यामुळे स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग ती शिडी धरून वर आली. पाणी अंगावरून ओघळत गेलं तसतसं एकेका पायरीवर तिचं वजन तिला परत मिळत गेलं, आधी खांद्यांचं, मग कंबरेचं, मग पायांचं. काठावरच्या गार फरशीवर ती दोन्ही तळवे रोवून थोडी उभी राहिली. केस पिळले. पोटात भुकेने कावळे ओरडत होते. टॉवेल खांद्यावर टाकून ती घराकडे निघाली.